वीतभर मोकळी जागा

मी एक जुनी खुर्ची आहे. धारवाडातल्या एका मराठी कलामंडळाच्या सभागृहात, तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौदावी. मंडळाचं नाव सांगत नाही. ज्या घरात राहायचं त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडू नये, असं आम्हा खुर्च्यांमध्ये शिकवतात. बसणाऱ्यांची नावं मात्र सांगणार आहे, कारण मित्रांनो, मला राग आलेला आहे. लाकडाला राग येत नाही म्हणतात. मी लोखंडाची आहे.

माझा जन्म २००६ साली हुबळीजवळच्या तारिहाळच्या एका शेडमध्ये झाला. त्या दिवशी तिथं आम्ही एकशे ऐंशी बहिणी जन्मलो. सांगाडा लोखंडी, पाठ प्लायवूडची, बैठक लाल रेग्झिनची, आणि बैठकीखाली एक स्प्रिंग. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते आणि ‘खटाक्’ असा आवाज होतो. हा आवाज ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

टेम्पोत बसून आम्ही धारवाडला आलो आणि रांगेनं जमिनीत ठोकल्या गेलो. मग आमची बारशी झाली. आमच्या मंडळात अशी पद्धत आहे की, प्रत्येक खुर्ची कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेली असते, आणि ते पाठीवर, मागच्या बाजूनं, पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं असतं. म्हणजे बसणाऱ्याला आपण कुणाच्या आठवणीवर बसलोय ते दिसत नाही. मागच्या रांगेतला माणूस मात्र तीन तास तेच वाचतो. नाटक वाईट असेल तर पाठच होतं त्याला.

मजकूर तीन ओळींचा. पहिल्या ओळीत कैलासवासी माणसाचं नाव, दुसरीत ‘यांच्या स्मरणार्थ’, आणि तिसरीत नातं : पत्नीकडून, चिरंजीवांकडून, सुनांकडून. नातं लिहिलंच पाहिजे, असा मंडळाचा नियम आहे. सहावा. छापील फॉर्मात त्यासाठी वेगळा रकाना आहे.

माझ्या पाठीवर पहिल्या ओळीत आलं : कै. भीमराव हळ्याळकर. दुसऱ्या ओळीत आलं : यांच्या स्मरणार्थ. आणि तिसऱ्या ओळीवर आमचा यल्लप्पा पेंटर ब्रश हवेत धरून थांबला.

“सर, हितं काय लिवायचं? फॉर्मात काय बी नाही.”

समोर तडकोडमास्तर उभे होते. पद्मनाभ तडकोड, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या वर्गात म्हणे फळा पुसल्याचासुद्धा आवाज ऐकू यायचा. मला मंडळाला दिलं होतं ते त्यांनीच. तेव्हाचे कार्यवाह चांगले होते, ते म्हणाले, “मित्राकडून, असं लिहा की सर. त्यात काय एवढं?”

“मित्र तुम्हीही होता त्यांचे,” मास्तर म्हणाले.

त्यावर कार्यवाहांना चष्मा पुसावासा वाटला. यल्लप्पा हुशार. त्यानं तिसऱ्या ओळीत आधी वीतभर जागा मोकळी सोडली आणि मग फक्त ‘कडून’ लिहिलं. म्हणाला, “जागा सोडल्यो सर. आठवलं की सांगरी. मी येऊन भरतो. काम अर्धं ठेवायची सवय नाही मला.”

मास्तरांना आठवायला एकोणीस वर्षं लागली. त्यात त्यांच्या स्मरणशक्तीचा दोष नव्हता.

आता भीमरावांबद्दल सांगायला हवं. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांच्या जाण्यामुळेच तर मी आले. पण सभागृहात एकोणीस वर्षं काढली की न पाहिलेली माणसंही ओळखीची होतात. भीमराव हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि तीस वर्षं मंडळाचे प्रॉम्प्टर होते. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत उभा राहून, नट अडला की त्याच्या तोंडात शब्द ठेवणारा माणूस. प्रेक्षकांना ऐकू जाता कामा नये आणि नटाला ऐकू गेलंच पाहिजे, असा एक खालचा सूर लागतो त्याला. भीमरावांच्या त्या सुरावर धारवाडचे निम्मे बँक मॅनेजर आणि वकील शिवाजीमहाराज झाले, संत झाले, आणि पुष्पगुच्छ घेऊन घरी गेले. भीमराव सायकलवरून केलगेरीला जायचे, तडकोडमास्तरांच्या घरी. तिथं ते एकतीस वर्षं राहिले.

लोक त्यांना मास्तरांचा भाडेकरू म्हणत. एकतीस वर्षांत या भाडेकरूनं वेगळी चूल मांडली नाही, हे गावाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलेलं लक्षात आलं नाही असं दाखवणं, ही आमच्या गावची फार जुनी कला आहे. तिला कुणी पुरस्कार देत नाही, एवढंच.

भीमराव आजारी पडले तेव्हा दवाखान्यात विचारलं, “नातेवाईक कोण?” तिथंही रकाना होता. मास्तरांना दाराबाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं आणि मिरजेहून भीमरावांच्या मेव्हण्यांना, धाकट्या बहिणीच्या यजमानांना, बोलावण्यात आलं. ते दोघं नवराबायको दुसऱ्या दिवशी पोहोचले. तेराव्याला मास्तर पायरीवर बसले होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांत.

भीमरावांच्या धाकट्या बहिणीचं नाव अंबूताई. त्याच वर्षी यजमान निवर्तल्यावर त्या धारवाडात, माळमड्डीला राहायला आल्या आणि मंडळाच्या सभासद झाल्या. भावाची खुर्ची म्हणून त्या माझ्यावर बसायच्या. आणि मास्तर? ते माझ्या मागच्या, चौथ्या रांगेतल्या चौदाव्या खुर्चीवर. माझ्यावर बसले असते तर नाव दिसलं नसतं ना.

अशी आमची बैठक. पुढे बहीण, मागे मास्तर, मध्ये मी. एकोणीस वर्षांत अंबूताईंनी एकदाही मान मागे वळवली नाही. मास्तरांनी एकदाही ‘नमस्कार’ म्हटला नाही. मध्यंतरात अंबूताई चहाला जायच्या आणि मास्तर ती मोकळी जागा वाचत बसायचे.

मित्रांनो, माझे कामाचे दिवस सुखाचे गेले, हे कबूल केलं पाहिजे. मी वजनदार माणसं झेलली. तबलजींची ठेका धरणारी बोटं माझ्या हातांवर वाजली. एकदा एका उपजिल्हाधिकाऱ्यांनी माझ्यावर झोप काढली आणि उठून ‘अंतर्मुख करणारा अनुभव’ असं भाषण केलं. मला कुणी नावं ठेवली नाहीत. एकदा स्प्रिंग अडकली, तेव्हा तेल घातलं.

आणि मी संगीत नाटकांचे प्रवेश पाहिले. आमच्या मंडळाला त्याचा फार अभिमान. पुरुषानं नऊवारी नेसायची, नथ घालायची, पदर सावरत लाजायचं, आणि समोरच्या पुरुषाच्या गळ्यात माळ घालायची. त्यावर असा ‘वन्स मोअर’ पडायचा की छताची कोळिष्टकं हलायची. म्हातारे डोळे पुसायचे. बायका म्हणायच्या, “बाई बाई, आपल्यालासुद्धा असा पदर घेता येत नाही हो.” सध्याचे कार्यवाह दत्तोपंत नवलगुंदकर यांचा प्रवेशद्वारापाशी फोटोच आहे, १९७४ सालचा, शालूतला, हनुवटीला बोट लावून. येणाऱ्याजाणाऱ्याला ते स्वतः दाखवतात. “ओळखा पाहू कोण?” आणि समोरच्यानं ओळखलं नाही की त्यांना धन्य वाटतं.

हे सगळं मी सांगतेय, कारण पुढचं कळायला हवं.

गेल्या नोव्हेंबरात मंडळानं नवीन नाटक घेतलं. ‘विंगेतला दिवा’. लिहिलं आणि बसवलं होतं नेत्रानं. नेत्रा एका कॉलेजात इतिहास शिकवते, तिशीची आहे, आणि तालमीच्या वेळी माझ्या बैठकीवर पाय देऊन उभी राहायची. मी तिला माफ केलं आहे. काळ १९१२ चा. गावोगाव फिरणारी नाटक कंपनी. तिच्यात नायिकेचं काम करणारा रघुनाथ आणि सारंगी वाजवणारा गणपत. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. बस, एवढंच. कंपनीच्या मालकाला ते कळतं आणि तो गणपतला हुबळी स्टेशनवर उतरवून देतो. गाडी पुढे जाते, कंपनी पुढे जाते, आणि रघुनाथ दुसऱ्या सारंगीवर तेच पद म्हणतो.

दत्तोपंतांनी जाहिरातीत लिहिलं : ‘जुन्या रंगभूमीचे सुवर्णयुग पुन्हा अवतरणार.’ पूर्ण संहिता वाचायला त्यांना वेळ झाला नव्हता. दोन प्रयोग जाहीर झाले, एका रविवारी एक आणि पुढच्याच्या पुढच्या रविवारी दुसरा.

पहिल्या प्रयोगाला सभागृह भरलं. बाहेर गिरमिटाच्या चुरमुऱ्यांचा आणि मिरचीभज्यांचा घमघमाट. पहिला अंक रंगला. रघुनाथचं काम करणारा वरद शालू नेसून आला, पद म्हणाला, मान वेळावली. टाळ्या! माझ्या शेजारच्या खुर्चीवर कौसल्याबाई होत्या, पहिल्या रांगेत यजमानांच्या नावाची खुर्ची असूनही पंखा लागतो म्हणून तिसऱ्या रांगेत बसणाऱ्या. त्या म्हणाल्या, “दृष्ट काढा गं या पोराची.”

दुसरा अंक उघडला तो कंपनीच्या बिऱ्हाडात. रघुनाथ खेळ संपवून आत येतो. टोप काढतो. शालू सोडून घडी करून ठेवतो. आता तो बंडी आणि धोतरातला एक दमलेला पुरुष आहे. गणपत कापसाचा बोळा खोबरेल तेलात बुडवतो आणि त्याच्या तोंडावरचा रंग पुसायला लागतो. म्हणतो, “मान वर कर.” रघुनाथ मान वर करतो. गणपत गाल पुसतो, कपाळ पुसतो, ओठावरचा लाल रंग पुसतो. मग रघुनाथ त्याचा तेलकट हात धरून ठेवतो.

झालं. याच्यापुढं त्या नाटकात काहीही नाही. लहान मुलाचं तोंड पुसतात त्याहून जास्त काही नाही.

पहिली ‘खटाक्’ पहिल्या रांगेतून आली. दत्तोपंतांची. दुसरी त्यांच्या शेजारच्यांची. मग आमच्या बहिणी अशा वाजायला लागल्या की, मी जन्मापासून तसा आवाज ऐकला नव्हता.

“हे काय हो? लेकराबाळांना घेऊन आलोय आम्ही!”

“उठा, उठा. ए, बघू नको तिकडं.”

“आमच्या काळात असलं काही नव्हतं.” हे म्हणणाऱ्यांचा काळ १९१२ च्या बराच अलीकडचा होता, पण नाटकात काय चाललंय त्याकडे लक्ष कुणाचं होतं?

“मग लग्न करून टाकायचं ना एखादीशी. सगळं सरळ होतं.”

“होगली बिडरी, जाऊ द्या हो, मिरच्या गरम आहेत तोवर…”

कौसल्याबाईंनी दृष्ट परत घेतली आणि त्याही गेल्या. मित्रांनो, मी हिशोब करून पाहिला. शालू नेसलेला पुरुष पुरुषावर प्रेम करतो तेव्हा ती कला. शालू घडी घालून ठेवला की तेच अनाचार. म्हणजे आमच्या गावची संस्कृती नऊ वार लांब आहे. दहाव्या वाराला ती संपते.

माझ्यावर अंबूताई होत्या. त्या उठल्या नाहीत. त्यांचे हात माझ्या हातांवर होते आणि बोटं अशी आवळली होती की, माझा रंग निघाला. ‘मान वर कर’ या वाक्याला त्या एकदम ताठ झाल्या होत्या. आणि माझ्या पाठीला मागून काहीतरी टेकलं. मास्तरांचं कपाळ होतं ते. बरोबर त्या मोकळ्या जागेवर. डाव्याउजव्या हाताला खुर्च्या वाजत होत्या, आणि हा एकोणऐंशी वर्षांचा माणूस प्रत्येक ‘खटाक्’ला थोडा थोडा दचकत होता. पोरांना छड्या मारताना ती पोरं दचकतात, तसा.

शेवटच्या अंकात स्टेशनवर कंपनीचा मालक गणपतला विचारतो, “तू याचा कोण लागतोस?” गणपतला उत्तर देता येत नाही. मग गाडीची शिट्टी होते. हे ऐकायला सभागृहात पन्नास-साठ माणसं उरली होती. पडदा पडल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण आजूबाजूला बघून, हळूच.

पुढचे आठ दिवस मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात जे झालं ते मला दिसलं नाही, पण झाडलोट करताना यमुनाबाई मोठ्यानं वाचायच्या. ‘अभिनय उत्तम, विषय अधम.’ ‘प्रकाशयोजना छान, पण समाजाला अंधारात नेणारी.’ एका वकिलांनी लिहिलं, ‘कायद्यानं हा गुन्हा नाही, हे मान्य. सर्वोच्च न्यायालयाबद्दल आदर आहे. पण मंडळाची घटना वेगळी आहे.’ यावर सत्तावीस अंगठे पडले. नेत्राला बायकांनी विचारलं, “तुझं लग्न ठरत नाहीये का गं?” वरदच्या आईला मिरचीवाल्यानं विचारलं, “मुलगा बरा आहे ना?”

मग दत्तोपंतांनी विशेष सभा बोलावली. विषय एकच : दुसरा प्रयोग करावा की नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता सभा भरली. आपापल्या जागेवर बसायची सवय, त्यामुळे अंबूताई माझ्यावर, मास्तर मागे. बरेच जण बोलले. सगळे ‘माझा व्यक्तिशः काही आक्षेप नाही, पण’ असं सुरू करून बोलले. एवढ्या लोकांचा व्यक्तिशः आक्षेप नसताना आक्षेप कुणाचा होता, ते कळेना.

नेत्रा म्हणाली, “मला एवढंच सांगा, नाटकात अश्लील काय आहे? एक माणूस दुसऱ्याचं तोंड पुसतो.”

“तेच की! पुसायचं कशाला त्यानं? स्वतःचं स्वतः पुसता येत नाही?” दत्तोपंत म्हणाले, आणि हशा पिकला.

त्या हशात मागची बैठक वाजली. खटाक्. मास्तर उभे राहिले होते. त्यांच्या वर्गात व्हायची तशी शांतता झाली.

“दुसरा प्रयोग झाला पाहिजे,” मास्तर म्हणाले. “नाटक खरं आहे.”

“सर, तुमच्याबद्दल आदर आहे,” दत्तोपंत म्हणाले. “पण शंभर वर्षांपूर्वीचं तुम्हाला काय ठाऊक, खरं की खोटं?”

“शंभर वर्षांपूर्वीचं नाही. भीमरावांच्या तोंडाला हुबळीहून येताना ग्रीस लागलेलं असायचं. ते मीच…” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “या खुर्चीवर जागा मोकळी आहे. ती मला आज भरायची आहे. आणि प्रयोगाच्या विरोधात मत देणाऱ्यांनी भीमरावांच्या विरोधात मत देतोय असं समजून द्यावं.”

दत्तोपंतांचा चेहरा त्यांच्या फोटोतल्यापेक्षा लाल झाला. “भीमरावांना मध्ये आणू नका. मंडळाचे आधारस्तंभ होते ते. त्यांच्या नावाला बट्टा लावायचा तुम्हाला काय अधिकार? तुम्ही त्यांचे कोण लागता?”

प्रयोग शेवटपर्यंत पाहिलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाकीच्यांना काही कळलं नाही. हाच प्रश्न नाटकात आहे, हे दत्तोपंतांना ठाऊकच नव्हतं. ते त्याच्या आधीच उठून गेले होते.

मास्तरांनी तोंड उघडलं. “मी भीमरावांचा…” शब्द आला नाही. पुन्हा म्हणाले, “मी त्यांचा…” नाही आला. हात अजून माझ्या पाठीवरच होता. एकोणीस वर्षं पाठ केलेला पाठ, आणि ऐन वेळी नट अडला होता. विंगेत कुणीच नव्हतं.

तेव्हा माझ्यावरून आवाज आला. खालचा, सपाट, पण शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. जुन्या सभासदांनी दचकून विंगेकडे पाहिलं. भीमराव लहानपणी घरी संहिता वाचायचे तेव्हा समोर बसून तो सूर कुणी उचलला, हे त्यांना कुठं ठाऊक?

“घरचा,” अंबूताई म्हणाल्या. “घरचा माणूस.”

मास्तर मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

“म्हणा की मास्तर. शब्द दिलाय.”

“घरचा,” मास्तर म्हणाले. “मी त्यांच्या घरचा माणूस आहे.”

अंबूताई उठल्या. मान न वळवताच बोलल्या, कारण त्यांना दत्तोपंतांकडे बघायचं होतं. “दवाखान्यात आम्हाला विचारलं तेव्हा हे मी सांगायला पाहिजे होतं. मी यजमानांच्या तोंडाकडं बघत बसले. भीमण्णा दोन दिवस दाराकडं बघत गेला. ते माझं पाप आहे, मी फेडीन. पण दत्तोपंत, तुमचा तो फोटोतला शालू माझ्या लग्नातला आहे. तुम्हाला तो कुणी नेसवला होता?”

दत्तोपंत सभेचे कागद चाळायला लागले.

“भीमण्णानं. गुडघ्यावर बसून निऱ्या घातल्या होत्या. तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतं, तू माझा कोण लागतोस म्हणून. ‘चापूनचोपून नेसव रे’ म्हणाला होतात. मी तिथंच होते, पिना घेऊन.”

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

मित्रांनो, यानंतर सभेचं मन पालटलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. धड्यात पालटतं. आमच्याकडे मतदान झालं. प्रयोगाच्या बाजूनं एकोणीस, विरोधात एकसष्ट. भीमरावांच्या विरोधात एकसष्ट, असं मी मोजलं. त्यातल्या कितीजणांच्या तोंडात त्यांनी शब्द घातले होते, तेही मला ठाऊक आहे, आणि तो राग माझा अजून गेलेला नाही.

राहिली मोकळी जागा. मास्तरांनी सहावा नियम वाचून दाखवला : नाते लिहिणे बंधनकारक. देणगीदार नातं सांगतोय, मंडळानं लिहावं. वकीलसाहेबांनी नियम उलटासुलटा करून पाहिला. पळवाट निघेना. शेवटी दत्तोपंतांनी जो उपाय काढला, तो मी उभ्या जन्मात विसरणार नाही. ते म्हणाले, “एका खुर्चीवर नको ते नातं लिहिण्यापेक्षा नातं ही ओळच रद्द करू. सगळ्या खुर्च्यांवरची. समानता!”

ठराव मंजूर. कशाला मत देतोय हे किती जणांनी ऐकलं, कोण जाणे. बाहेर मिरच्या तळत होत्या.

सोमवारी यल्लप्पा आला. आता त्याचे केस पांढरे झालेत आणि हाताखाली कुणी नाही. त्यानं टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि पहिल्या रांगेपासून पुसायला लागला. पत्नीकडून, गेली. चिरंजीवांकडून, गेले. दत्तोपंतांच्या वडिलांच्या खुर्चीवरून खुद्द दत्तोपंतही गेले. मंगळवारपर्यंत दोन रांगा साफ झाल्या आणि बुधवारी तो आधी माझ्यापाशी आला.

तो माझ्या पाठीमागे बसला. मोकळ्या जागेवरून त्यानं अंगठा फिरवला. यमुनाबाईंना विचारलं, “सरांना आठवलं काय म्हणे? काय म्हणाले?”

यमुनाबाईंनी सांगितलं.

“हां. मग ते आधी भरतो.”

“अहो, पुसायला बोलावलंय ना तुम्हाला?”

“पुसतो की. पण अर्धं काम कसं पुसू अक्का? आधी पुरं करायचं, मग पुसायचं.”

त्यानं बारीक ब्रश काढला. एकोणीस वर्षांनी तो माझ्या पाठीला लागला तेव्हा गुदगुल्या झाल्या, हे लपवत नाही. वीतभर जागा बरोबर पुरली. घरच्यांकडून. नवीन अक्षरं पांढरीशुभ्र, जुनं ‘कडून’ जरा पिवळं. मग तो उभा राहिला आणि म्हणाला, “आता हे वाळायला पाहिजे. ओला रंग पुसला की फळकुट खराब होतं. शनिवारी येतो.” आणि डबा उचलून गेला.

शुक्रवारी एक व्याख्यान होतं. लोक आले, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसले, आणि सवयीनं पुढच्या पाठी वाचायला लागले.

मग माझ्या गावाला खरा राग आला.

“माझ्या यजमानांच्या नावाखालून मला कुणी पुसलं?” कौसल्याबाई पहिल्या रांगेपाशी उभ्या राहून ओरडल्या. “बेचाळीस वर्षं संसार केला मी! मी कोण लागते त्यांची, हे आता मंडळ ठरवणार?”

“आमच्या अप्पांना काय मुलं नव्हती? बेवारस होते काय?”

“नातं पुसता म्हणजे काय? नातं म्हणजे खेळ वाटला काय तुम्हाला?”

हे सगळं तीच माणसं म्हणत होती. तीच. मी एकेकाला ओळखत होते. अंबूताई माझ्यावर बसून शेंगदाण्याची चिक्की खात ऐकत होत्या. एवढ्या चवीनं त्यांनी कुठलंच व्याख्यान ऐकलं नव्हतं.

ठराव स्थगित झाला. यल्लप्पाला शनिवारी येऊ नका म्हणून कळवण्यात आलं. पहिल्या दोन रांगांतल्या प्रतिष्ठितांची नाती पुन्हा रंगवायची की नाही, यावर समिती नेमली आहे. तिची अजून बैठक झालेली नाही. तोवर ती सगळी मोठी माणसं कुणाचीच कुणी नाहीत. तिसऱ्या रांगेतली चौदावी मात्र घरच्यांकडून आहे.

‘विंगेतला दिवा’चा दुसरा प्रयोग झाला नाही. नेत्रा दुसरं सभागृह शोधतेय. वरद बंगळूरला गेला. हे मी गोड करून सांगणार नाही.

आता माझ्यावर कुणी बसत नाही. गेल्या रविवारी गाण्याचा कार्यक्रम होता. अंबूताई आल्या, माझ्यापाशी थांबल्या, आणि पहिल्यांदाच मागे वळल्या. “मास्तर, पुढं या. इथं शेजारी जागा आहे.”

“इथनं वाचता येतं,” मास्तर म्हणाले.

अंबूताईंनी जरा विचार केला आणि चौथ्या रांगेत जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि दोघं समोर बघत बसली. गाणं चांगलं नव्हतं.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला ब्लेडनं फाडू नका, चिंगम चिकटवू नका, ते तर तुम्हाला शाळेतच सांगतात. नाटक आवडलं नाही तर खुशाल उठा. उठणं हा बसणाऱ्याचा हक्क आहे. पण उठताना बैठक हातानं धरा आणि हळू सोडा. तुमच्या मागच्या रांगेत कपाळ टेकून कोण बसलंय, आणि जन्मभरात ही ‘खटाक्’ तो कितव्यांदा ऐकतोय, हे तुम्हाला ठाऊक नसतं. मला असतं. माझी स्प्रिंग जुनी झाली आहे, पण कान शाबूत आहेत, आणि त्या एकसष्ट जणांची वजनं मी विसरलेली नाही.